कॉलेज बघायला गेलात तर आधी जर्नल मागा

माझ्या थोरल्या बहिणीची नात यंदा बारावी सायन्सला होती. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. "मामा, बीएस्सीसाठी तीन कॉलेजं डोळ्यांसमोर आहेत. तुमचं आयुष्य कॉलेजात गेलं, कुठलं चांगलं ते सांगा."

आयुष्य कॉलेजात गेलं हे खरं, पण खडू हातात धरून नाही. 1991 ला एका तालुक्याच्या गावच्या अनुदानित कॉलेजात ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो आणि 2022 ला ओएस, म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडंट, म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे चांगलं कॉलेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे इमारत येत नाही, मस्टर येतं. कुणाच्या नावापुढे सही आहे, कुणाची रेघ रिकामी आहे आणि कुणाचं नावच मस्टरवर नाही. भाच्याला म्हटलं, सांगत नाही, दाखवतो. दोन दिवसांत तिन्ही कॉलेजं पालथी घातली. ती कशी पाहिली ते लिहितो, कुणाच्या कामी आलं तर येईल.

पहिली गोष्ट वेळेची. निकाल लागल्यावर जाऊ नका. तेव्हा मांडव घातलेला असतो, प्रवेश समितीचे सर पाणी विचारतात, हातात रंगीत पत्रक देतात. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. सेकंड इयर, थर्ड इयरचा राहिलेला अभ्यासक्रम आणि प्रॅक्टिकलं उरकायची घाई तेव्हा चालू असते. साडेअकराच्या सुमाराला पोचा. फाटकावर कुणी हटकलं तर सांगा, प्रवेशाची चौकशी करायची आहे. ते खोटंही नाही.

ऑफिसात जाण्याआधी नोटीस बोर्डापाशी थांबा. तिथं वेळापत्रक लावलेलं असतं आणि प्रत्येक चौकटीत विषयाखाली शिक्षकांची आद्याक्षरं असतात. आपल्या विषयापुढे वेगवेगळी आद्याक्षरं किती आहेत ती मोजा. मग जवळच्या शिपायाला किंवा लॅब अटेंडंटला सहज विचारा, "यातले पर्मनंट किती आणि सीएचबी किती?" प्राचार्यांना विचारलंत तर ते म्हणतील, "स्टाफ पूर्ण आहे." तेही खोटं बोलत नाहीत, सीएचबीवाले धरून पूर्णच असतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. मे महिन्यात नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही. त्यांची बिलं सहसंचालक कार्यालयाकडे पाठवायचं काम माझ्याकडे होतं, आणि जुलैचे पैसे दिवाळीनंतर आले तरी आम्ही त्याला लवकर म्हणायचो. आमच्याकडे सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि पीएच.डी. झालेला एक मुलगा सकाळी फिजिक्स शिकवून संध्याकाळी दहावीच्या क्लासवर जायचा. शिकवायचा उत्तम. सीएचबीवाले वाईट शिकवतात असा माझा अनुभव मुळीच नाही, पुष्कळदा ती पोरंच जीव तोडून शिकवतात. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि जाहिरात, मुलाखत, मान्यता होईस्तोवर पहिल्या सत्राचे काही आठवडे निघून जातात. पुढच्या जूनला तेच सर असतील याचीही खात्री नाही. तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागायला गेलेल्या पोरीला विभागात ओळखीचं कुणी सापडत नाही.

जागा रिकाम्या का राहतात, हे भाच्यानेही विचारलं. प्राध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतो, पण त्याची जागा आपोआप भरली जात नाही. शासनाची परवानगी, बिंदुनामावलीची म्हणजे आरक्षणाच्या यादीची तपासणी, ना-हरकत, जाहिरात, विद्यापीठाची निवड समिती, मग मान्यता. या साखळीतली एक कडी अडली की सगळं तिथंच थांबतं. त्यात 2020 च्या मे महिन्यात कोरोनामुळे शासनाने नवीन भरतीच थांबवली. आमच्या रसायनशास्त्र विभागात मंजूर पदं सात होती, मी निघालो तेव्हा भरलेली तीन. विनाअनुदानित कॉलेजात शासनाचं मंजूर पद ही भानगडच नसते. तिथं प्रश्न बदला आणि विचारा, विद्यापीठाची मान्यता असलेले शिक्षक किती?

जर्नल

आता मुद्द्याचं. सायन्सला जायचं असेल तर लॅबबाहेर थांबलेल्या सेकंड इयरच्या एखाद्या मुलाकडून किंवा मुलीकडून जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, दोन मिनिटं मागून घ्या. आतलं काही कळलं नाही तरी चालेल, फक्त सह्या आणि त्यांच्या तारखा बघा. दर आठवड्याला एक प्रयोग, त्याखाली सही आणि सात-आठ दिवसांच्या अंतराने तारखा पुढे सरकतायत, तर लॅब चालू आहे. बारा प्रयोगांवर एकाच शाईत एकाच दिवसाची सही असेल, तर ते जर्नल मागच्या बॅचचं बघून एका रात्रीत उतरवलेलं आहे. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या कॉलेजात नेमकं हेच निघालं. इमारत तिन्हींत देखणी तीच होती. भाच्याचा चेहरा पडला, कारण ते त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

लॅबमध्ये डोकावता आलं तर बर्नरला गॅस येतो का ते बघा. बेसिन कोरडं ठणठणीत आहे का, तराजूवर धूळ आहे का. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना जर्नल नाही, त्यांनी लायब्ररीत जावं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. आपल्या विषयाची चार पुस्तकं उघडून शेवटचा शिक्का कुठल्या वर्षाचा आहे ते बघावं. जिथं सगळं संगणकावर आहे तिथं काउंटरवर सरळ विचारावं, या विषयाची नवी पुस्तकं शेवटची कधी आली?

नॅकचा फलक

फाटकावर 'नॅक ए' असा मोठा फलक असतो. नॅक म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी राष्ट्रीय संस्था. ग्रेड खाली डी पासून वर ए++ पर्यंत असतात. पण फलकावर साल आहे का ते बघा. मानांकन साधारण पाच वर्षं चालतं, फलक मात्र पंधरा वर्षं टिकतो. आणि नॅकचं पथक येणार म्हटल्यावर काय होतं ते मी आतून पाहिलंय. आमच्याकडे नर्सरीतून दीडशे कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. पथक गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन कुंड्या घेऊन गेला आणि भिंतीलगत ओल्या मातीची गोल वर्तुळं राहिली. 2025 च्या फेब्रुवारीत तर नॅकच्या एका पथकातल्या सदस्यांनाच सीबीआयने लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली.

तरीही नॅकची कागदपत्रं टाकाऊ नाहीत, फक्त ग्रेडऐवजी आतले आकडे वाचायचे. कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसी (कॉलेजातला गुणवत्ता कक्ष) नावाखाली एक्यूएआर म्हणजे वार्षिक अहवाल असतो. त्यात 2.4.1 हा निकष शोधा. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे तिथं द्यावं लागतं. तो आकडा आणि नोटीस बोर्डावरची आद्याक्षरं जुळवून बघा. सलग तीन वर्षांचे अहवाल वेबसाइटवर नसतील, तर त्या कॉलेजात कागद करणारा माणूसही उरलेला नाही असं मी समजतो.

नवं धोरण आणि जुनी माणसं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चं. आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 ला लागू झालं. म्हणजे मी निघाल्यावर. पण ऑफिसातली पोरं अजून फोन करतात, त्यामुळे माझा पिच्छा त्याने सोडलेला नाही. एका सत्राला 22 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे श्रेयांक), तीन वर्षांना 132, चार वर्षांना 176. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेचा विषय), कौशल्याचे विषय, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) अशी लांबलचक यादी माहितीपुस्तिकेत असते. ती वाचून पोरं हरखतात. आमची नातही हरखली, तिला मायनरला मानसशास्त्र हवं होतं.

पुस्तिकेतली यादी विद्यापीठाची असते. कॉलेजात त्यातलं काय शिकवलं जातं हे फर्स्ट इयरच्या मुलांना विचारा. "तू ओपन इलेक्टिव्हला काय घेतलंस?" पाच जणांनी एकच विषय सांगितला तर समजा, निवड मुलांनी केलेली नाही, उपलब्ध असलेल्या एकाच शिक्षकामुळे ती आपोआप झाली आहे. ओजेटीला गेल्या वर्षीची मुलं कुठं गेली होती हेही विचारा. आणि चौथं वर्ष या कॉलेजात आहे का? संशोधनासह ऑनर्स करायचं तर तीन वर्षांअखेर 7.5 सीजीपीए म्हणजे सरासरी गुणांक लागतो आणि विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायम प्राध्यापक लागतात. पुन्हा गाडी मस्टरवरच येते.

बीबीए, बीसीएकडे वळणाऱ्यांसाठी एकच सूचना. 2024-25 पासून हे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली गेले आणि आपल्याकडे त्यांना सीईटी आली. मग बऱ्याच कॉलेजांनी तेच कोर्स नाव बदलून बीकॉम अमुक, बीएस्सी तमुक असे सुरू केले. तो गुन्हा नाही, पण डिग्रीवर नेमकं काय छापून येणार ते प्रवेशाआधी लेखी विचारा.

नावाचं स्पेलिंग

हे कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त रडारड माझ्या खिडकीपाशी यावरूनच झाली. क्रेडिट आता अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. त्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो आधारशी जोडलेला असतो. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वैष्णवीचा शेवटचा 'वी' इंग्रजीत व्हीने, दुसरीकडे डब्ल्यूने. एकीकडे बापाचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. क्रम बदलला तर सहसा निभावतं, स्पेलिंग बदललं की अडतं. आज नाही अडलं तर स्कॉलरशिपला अडतं, तेव्हा नाही तर डिग्रीला. बारावीची मार्कलिस्ट, आधार, बँकेचं पासबुक आणि जातीचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती करायची ती एप्रिल-मेमध्ये, जूनमध्ये आधार केंद्रावर उभं राहायला जागा नसते. खातं आधारशी जोडलेलं आहे का हेही तेव्हाच बँकेत विचारून घ्या, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे स्कॉलरशिपचे पैसे त्याच खात्यावर येतात.

पैसे

फीची पावती घ्या, तीही तपशीलवार. 'विकास निधी' म्हणून वेगळ्या पावतीपुस्तकावर काही मागितलं, तर तो निधी विद्यापीठाच्या मंजूर फी-तक्त्यात आहे का, असं नम्रपणे विचारा. पुष्कळदा विचारल्यावर रक्कम कमी होते, याचा मी साक्षीदार आहे. मुलींसाठी एक लक्षात ठेवा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 2024-25 पासून पूर्ण माफी आहे, आधी ती निम्मी होती. साधं बीए, बीएस्सी यात धरू नका, त्यांच्या सवलतींची चौकशी वेगळी करा.

प्रवेश रद्द करायची वेळ आली तर मूळ टीसी, मार्कलिस्ट अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या 2018 च्या सूचनेत फी परतीची उतरंड आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर फी पूर्ण परत, त्यात प्रक्रिया शुल्क म्हणून थोडं कापतात. त्या 15 दिवसांत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, 30 दिवसांपर्यंत 50, पुढे काही नाही. मधल्या काही वर्षांत याहून सवलतीच्या तारखाही आल्या, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघून जा.

पुढे काही अडलंच तर

तोंडी तक्रार करू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक क्रमांक पडला की तो कागद कुणाच्या तरी टेबलावर जावाच लागतो, नुसता ट्रेमध्ये ठेवला तर जात नाही. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. रॅगिंगचा मामला असेल तर यातलं काहीच करत बसू नका, 1800-180-5522 वर थेट फोन करा.

अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकारही लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तर 30 दिवसांत. पहिल्या कॉलेजात आम्हाला कुणी रिक्त पदांचा आकडा सांगेना, म्हणून भाच्याने तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला: 'रसायनशास्त्र विभागातील मंजूर, भरलेली व रिक्त पदे कळवावीत.' क्लार्कने तो वाचला, माझ्याकडे बघितलं, आत गेला आणि पाच मिनिटांत आकडा चिठ्ठीवर लिहून घेऊन आला. पाच मंजूर, दोन भरलेली.

तिसऱ्या कॉलेजात पाचांतली चार भरलेली निघाली. ते चौदा किलोमीटरवर आहे, रंग उडालेलं, कँटीन बंद. मायनरला मानसशास्त्र तिथंही नाही, त्यावरून नात अजून माझ्यावर रुसलेली आहे. एसटीचा पास काढलाय. सकाळची गाडी सात वाजून दहा मिनिटांची.