मेलमॅनचे अलायस: फाइल कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

मेलिंग लिस्ट चालवणारा जुना मेलमॅन २.१ अजून बऱ्याच सर्व्हरवर ठाण मांडून आहे, आमच्याकडेही. 'सभासद' नावाची यादी काढली की दहा पत्ते (अलायस) लागतात: एक नुसतं सभासद, बाकी त्याच नावापुढे ॲडमिन, बाउन्सेस, कन्फर्म, जॉइन, लीव्ह, ओनर, रिक्वेस्ट, सबस्क्राइब, अनसबस्क्राइब. प्रत्येक अलायसची एक ओळ, तिच्यात पत्ता, कोलन आणि उभ्या रेघेमागे मेलमॅनचा प्रोग्रॅम. मेल पेटीत न टाकता या प्रोग्रॅमच्या हाती द्यायची, असा त्या रेघेचा अर्थ.

लोक या ओळी सिस्टिमच्या अलायसेस फाइलमध्ये चिकटवतात, ती फाइल पुन्हा बांधणारी 'न्यूअलायसेस' ही आज्ञा चालवतात आणि मोकळे होतात. मग मेल परत येते. लॉगमध्ये दिसतं 'ग्रुप मिसमॅच एरर'. मेल पोचवणारा सर्व्हर पोस्टफिक्स मेलमॅनचा प्रोग्रॅम अलायस फाइलच्या मालकाच्या हक्काने चालवतो. मालक रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असेल तर रूटचे हक्क देत नाही (देऊही नयेत), 'नोबडी' या जवळपास काहीच हक्क नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतो. आणि मेलमॅन बांधताना ठरवलेल्या ग्रुपशिवाय कोणाला दाद देत नाही. लॉगमधला तोच संदेश पुढे सुचवतो की नोबडीचा ग्रुप देऊन मेलमॅन पुन्हा बांधा. त्या वाटेला जाऊ नका. नोबडीच्या नावावर सर्व्हरवर आणखी काय काय चालतं, सगळ्यांना दार उघडं होईल.

त्यापेक्षा मेलमॅनची फाइल वेगळी ठेवा. मेलमॅनच्या सेटिंगमध्ये 'एमटीए'पुढे (म्हणजे मेल सर्व्हर कोणता) पोस्टफिक्स लिहा, मेलमॅनची 'जेनअलायसेस' ही आज्ञा चालवा. मेलमॅनच्या डेटा फोल्डरात 'अलायसेस' आणि तिची डीबी फाइल तयार होईल. दोन्हींचा मालक आणि ग्रुप मेलमॅन करा, ग्रुपला लिहायची परवानगी द्या. पोस्टफिक्सच्या 'अलायस मॅप्स' या सेटिंगमध्ये जुन्या फाइलपुढे स्वल्पविराम देऊन हिचा पत्ता जोडा. 'अलायस डेटाबेस' या सेटिंगला हात लावू नका, नाहीतर न्यूअलायसेस हीही फाइल बांधायला घेईल. मग पोस्टफिक्स रीलोड करा. नवी यादी काढली की ओळी आपोआप भरल्या जातात.

खात्रीसाठी 'पोस्टअलायस' आज्ञेला क्यू हा शोधायचा पर्याय देऊन या फाइलमध्ये 'सभासद-रिक्वेस्ट' विचारा. उभ्या रेघेची ओळ आली की झालं. डोमेन मात्र पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन'मध्ये (याच सर्व्हरवर उतरणाऱ्या डोमेनच्या यादीत) हवं, हे अलायस फक्त लोकल डिलिव्हरीला लागू पडतात.

नवा सर्व्हर उभारत असाल तर थेट मेलमॅन ३ घ्या. तिथे उभी रेघच नाही. मेल ८०२४ पोर्टवर एलएमटीपी या मेल सोपवायच्या प्रोटोकॉलने जाते आणि मेलमॅनने बनवलेला नकाशा (कोणता पत्ता कुठे पाठवायचा याची फाइल) पोस्टफिक्सच्या 'ट्रान्सपोर्ट मॅप्स' आणि 'लोकल रेसिपियंट मॅप्स' अशा दोन्हीकडे द्यायचा. पोस्टफिक्सची 'ओनर रिक्वेस्ट स्पेशल' ही सेटिंग तेवढी 'नो' करा.