रोबो कंट्रोलरच्या डिजिटल इनपुट-आउटपुटची जोडणी

जोडणीला हात लावण्यापूर्वी कंट्रोलरचा मुख्य पुरवठा बंद करून त्याला कुलूप लावावे आणि टर्मिनलवर व्होल्टेज उरलेले नाही, याची मल्टिमीटरने खात्री करावी. त्यानंतर कंट्रोलरच्या पुस्तिकेत पहिली गोष्ट पाहावी, ती म्हणजे इनपुट कार्ड पीएनपी सेन्सरसाठी आहे की एनपीएनसाठी. माझ्या मते सर्वाधिक वेळ वाया जातो तो याच तपासणीत केलेल्या घाईमुळे. पीएनपी सेन्सर इनपुटला +२४ व्होल्ट पुरवतो, तर एनपीएन सेन्सर इनपुटला ० व्होल्टशी जोडतो, त्यामुळे कार्डाचा कॉमन (सर्व इनपुटचे सामाईक टर्मिनल) त्यानुसार अनुक्रमे ० किंवा +२४ व्होल्टला जोडावा लागतो.

तीन तारांच्या डीसी सेन्सरमध्ये सहसा तपकिरी तार +२४ व्होल्टला, निळी ० व्होल्टला आणि काळी इनपुटला जाते. सेन्सरसाठी वेगळा पॉवर सप्लाय वापरला असेल आणि इनपुट विलग (कंट्रोलरच्या सर्किटपासून विद्युतदृष्ट्या वेगळे) नसतील, तर दोन्ही सप्लायचे ० व्होल्ट एकमेकांना जोडावेत; अन्यथा सेन्सरवरचा दिवा लागतो, पण कंट्रोलरला सिग्नल दिसत नाही.

ट्रान्झिस्टर आउटपुटवर डीसी सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने हलणारा भाग) किंवा रिले (कॉइलने चालणारा स्विच) जोडताना कॉइलला समांतर डायोड लावावा आणि त्याचे पट्टा असलेले टोक धन बाजूला ठेवावे, कारण कॉइल बंद होताना निर्माण होणारे उलटे व्होल्टेज आउटपुट निकामी करू शकते. कॉइलचा प्रवाह आउटपुटच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्यास मध्ये इंटरफेस रिले घ्यावा.

आपत्कालीन थांबा आणि सुरक्षा दरवाजा साध्या इनपुटवर कधीही घेऊ नयेत. त्यांच्यासाठी दुहेरी चॅनेलची (एकच सिग्नल दोन वेगळ्या मार्गांनी घेणारी) स्वतंत्र सुरक्षा टर्मिनलेच वापरावीत.