परदेशातून कायमचं परत येताना तारीख कशी ठरवावी?

दुबई असो वा न्यू जर्सी, परत यायचं ठरलं की आधी मुलांची शाळा आणि सामानाच्या कंटेनरचं भाडं बघितलं जातं. कराच्या दृष्टीने मात्र भारतात उतरण्याची तारीख आधी ठरवायला हवी. परदेशी उत्पन्नावरची अख्ख्या एका वर्षाची करसवलत तिच्यावर अवलंबून असू शकते.

पहिलं काम दिवस मोजण्याचं. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही रहिवासी. १ ऑक्टोबर २०२६ ला उतरलात तर मार्चअखेर बरोबर १८२ दिवस भरतात. २ ऑक्टोबरला उतरलात तर १८१, म्हणजे त्या वर्षी तुम्ही अनिवासीच राहता. पण त्याच वर्षी गणपतीला पंधरा दिवस येऊन गेला असाल तर तेही धरले जातात आणि तारीख सरकून १७ ऑक्टोबर होते. बहुतेकांचं गणित इथेच फसतं. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतातले धरा आणि वर चार-पाच दिवस राखून ठेवा. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर ६० दिवसांचीच अट लागू होऊ शकते. अशांनी पासपोर्टवरचे शिक्के घेऊन सीएला गाठावं.

एवढी काटेकोर मोजदाद कशासाठी? आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला माणूस परतल्यावर ‘आरएनओआर’ (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट), म्हणजे रहिवासी असूनही ‘सामान्य रहिवासी’ नसलेला, ठरतो. या काळात त्याच्या परदेशी उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. भारतातून चालवलेल्या धंद्याचं उत्पन्न याला अपवाद. दहा-बारा वर्षं सलग बाहेर असलेला ऑगस्ट २०२६ मध्ये आला, तर त्याची ही मुदत सहसा मार्च २०२८ ला संपते. तोच ऑक्टोबरच्या मध्यानंतर आला, तर मार्च २०२९ पर्यंत मिळते.

या मुदतीत परदेशातले शेअर विकायचे असतील तर विका, पण तिथला कर आधी तपासा. पैसे आधी तिथल्याच खात्यात जमा करा आणि मग इकडे पाठवा. उत्पन्न थेट भारतातल्या खात्यात आलं, तर ते ‘भारतात मिळालेलं’ ठरून त्यावर कर लागतो.

बँकेला परतल्याचं लगेच कळवा. एनआरई खातं (अनिवासींचं रुपयातलं खातं) साधं निवासी खातं होतं किंवा त्यातली रक्कम आरएफसी खात्यात (परतलेल्यांच्या परकीय चलनातल्या खात्यात) जाते. कायमचं परतल्यावर एनआरई ठेवीचं व्याज करमुक्त राहत नाही. बँकेला न कळवल्यामुळे टीडीएस कापला जात नाही, आणि कर व्याजासकट पुढे अंगावर येतो. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू ठेवता येते, आणि आरएनओआर असेपर्यंत तिचं व्याज करमुक्तच असतं. पुन्हा बाहेर जायची शक्यता असेल तर आरएफसी घ्या. त्यातले पैसे परकीय चलनातच राहतात आणि बाहेर नेताना अडत नाहीत.

अमेरिकेतलं ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्ती खातं, घाईने मोडू नका. साडेएकोणसाठ वर्षांआधी पैसे काढल्यास तिथल्या करावर सहसा आणखी १० टक्के दंड बसतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा इथल्या मान्य निवृत्ती खात्यांवर भारतातला कर दरवर्षी न भरता, पैसे काढताना भरण्याचा पर्याय आहे. त्याचा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीआधी ऑनलाइन भरावा लागतो, आणि एकदा निवडलेला पर्याय बदलता येत नाही. ग्रीन कार्ड कायम असेल तर भारतात राहूनही अमेरिकेचं विवरणपत्र भरावंच लागतं.

आरएनओआरची मुदत संपली की परदेशातलं प्रत्येक खातं, शेअर आणि घर विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावं लागतं, अगदी पडून असलेलं जुनं पगाराचं खातंसुद्धा. माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. नको असलेली खाती त्याआधीच बंद करा, आणि बंद केल्याचं पत्र व शेवटचं स्टेटमेंट जपून ठेवा.