लोककथा आणि नाटक यांच्या आधारे वर्गात कसे शिकवावे

लोककथा वर्गात आली की बहुधा दोनच गोष्टी घडतात: एक तर ती सांगून झाल्यावर फळ्यावर तात्पर्य लिहिले जाते, नाही तर स्नेहसंमेलनासाठी तिचे नाटक बसवून मुलांकडून संवाद घोकून घेतले जातात. दोन्ही प्रकारांत मुलांचा वेळ चांगला जातो, परंतु पात्रापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाचा विचार करण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही. या लेखात मांडलेल्या पद्धतीचा सगळा भर एकाच कृतीवर आहे. कथेतील पात्राला निर्णय घ्यावा लागतो त्या जागी कथा थांबवायची, तो निर्णय मुलांच्या हाती द्यायचा आणि त्यांनी तो करून दाखवल्यानंतरच पुढची कथा सांगायची. रंगमंच, वेशभूषा, पडदा यांतले काहीही त्यासाठी लागत नाही. बाके बाजूला सरकवून मोकळी केलेली जागा आणि सलग दोन तासिका पुरतात.

उद्दिष्ट आणि कथेची निवड

प्रथम उद्दिष्ट एका वाक्यात लिहून काढावे आणि ते तपासता येईल असे असावे. ‘मूल्यशिक्षण’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘मनापासून दिलेला शब्द आणि भीतीपोटी दिलेला शब्द यांतला फरक मुलांनी स्वतःच्या भाषेत मांडावा’ हे उद्दिष्ट चालेल. भाषा, इतिहास, पर्यावरण, नागरिकशास्त्र अशा कोणत्याही विषयासाठी असे वाक्य तयार करता येते. कथा त्यानंतर शोधावी; आवडती कथा आधी ठरवून तिला उद्दिष्ट चिकटवले की तासिका हमखास भरकटते.

कथा सात-आठ मिनिटांत सांगून होईल एवढीच असावी. तिच्यात निदान एक जागा अशी हवी, जिथे पात्रापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींत काही ना काही गमवावे लागणार आहे. लहान मुलांसाठी पालुपद असलेल्या किंवा साखळीने वाढत जाणाऱ्या कथा उत्तम, कारण दुसऱ्या आवर्तनापासून सगळा वर्ग आपोआप बोलू लागतो आणि लाजरी मुलेही त्या आवाजात मिसळतात.

कथेची एकापेक्षा अधिक रूपे मिळाली तर ती अवश्य मिळवावीत. जगभरच्या लोककथांचे प्रकारानुसार क्रमांक लावण्याचे काम फिनलंडचे अभ्यासक आंटी आर्ने यांनी १९१० साली सुरू केले, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्प्सन यांनी ते वाढवले आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. या सूचीचा शिक्षकाला सरळ उपयोग असा की एकाच कथेची वेगवेगळ्या मुलखांतली रूपे शोधता येतात. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही म्हातारीची कथा आपण आपलीच समजतो. भोपळ्यात बसून हिंस्र प्राण्यांना चकवणारी म्हातारी बंगालात आणि इराणातही आहे. दोन रूपे शेजारी ठेवली की कथा कोणीतरी रचते, बदलते आणि पुढे देते, ही गोष्ट मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कथा ऐकून आणावी, हाही चांगला मार्ग आहे. मात्र सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली हे विचारून लिहून ठेवावे आणि कथा वर्गात वापरण्यास त्यांची संमती घ्यावी. काही कथा विधीचा भाग असतात, ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसांनीच सांगायच्या असतात. त्यांचे नाटक करू नये.

कथा सांगणे आणि थांबवणे

कथा वाचून न दाखवता सांगावी. पुस्तकात डोळे असलेल्या शिक्षकाला वर्ग कुठे रेंगाळला आणि कुठे पुढे सरकला हे दिसत नाही, आणि थांबण्याची जागा तर नेमकी त्यावरूनच ठरते. शब्दन् शब्द पाठ करण्याचे कारण नाही. घटनांचा क्रम, पालुपद आणि थांबा एवढे पक्के असले की पुरे.

भोपळ्याचीच कथा घेऊन पाहू. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला जंगलात वाघ अडवतो. ‘आता मी हाडाचा सापळा, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग मला खा,’ असे ती सांगते आणि वाघ तिला सोडतो. इथे पहिला थांबा घ्यावा. पाच-सहा जणांचे गट करून प्रत्येक गटाला दोन मिनिटांत या क्षणाचे स्थिरचित्र उभे करायला सांगावे: कोणी वाघ, कोणी म्हातारी, कोणी झाडे, कोणी झाडावरून पाहणारी माकडे. हालचाल नाही, बोलणे नाही. मग शिक्षकाने एकेकाच्या खांद्याला हात लावावा आणि त्या पात्राने मनातले एकच वाक्य मोठ्याने म्हणावे. या साध्या युक्तीने बरेच काम होते. ज्यांना अभिनय येत नाही असे वाटते तीही मुले एक वाक्य सहज बोलतात, आणि वाघाच्या तोंडून ‘आत्ता खाल्ली तर पोट भरणार नाही’ इथपासून ‘ही मला फसवते आहे का’ इथपर्यंतचे तर्क बाहेर येतात.

यानंतर वाघाला खुर्चीत बसवून वर्गाने त्याला प्रश्न विचारावेत. उत्तर देणाऱ्याने वाघ म्हणूनच उत्तर द्यायचे. प्रश्न ‘का’ने सुरू होणारे असावेत एवढा एकच नियम ठेवावा, ‘तुझे नाव काय, वय काय’ यात पाच मिनिटे सहज वाया जातात.

दुसरा थांबा लेकीच्या घरी. इथे शिक्षकाने स्वतः भूमिका घ्यावी. इंग्लंडमधील नाट्यशिक्षणतज्ज्ञ डोरोथी हीथकोट यांनी ही रीत विशेष विकसित केली. शिक्षकाने कथेतले एखादे पात्र व्हायचे, आणि तेही शक्यतो सगळे जाणणारे पात्र न होता मदत मागणारे. ओढणी किंवा उपरणे खांद्यावर टाकून शिक्षकाने लेक व्हावे आणि म्हणावे, ‘आई उद्या परत निघते म्हणते. वाटेत कोण बसले आहे हे तुम्ही पाहिले आहे. मला काहीच ठाऊक नाही. तिला कसे पाठवू?’ आता मुले शेजारी झाली. ती जंगलाचा नकाशा काढतील, वाघ पाणी प्यायला कधी जातो याचा अंदाज बांधतील, सोबतीला कोण जाईल यावर भांडतील. शिक्षकाने लेकीच्या भूमिकेतूनच शंका काढत राहावे. भूमिका उतरवली हे वर्गाला नक्की कळावे म्हणून उपरणे काढून बाजूला ठेवावे, कारण ‘आत्ता बोलतात ते बाई की लेक’ असा गोंधळ लहान मुलांचा खरोखर होतो.

तिसरा थांबा उद्दिष्टाशी थेट भिडणारा आहे. वर्गाच्या समोरासमोर दोन रांगा कराव्यात आणि म्हातारी झालेल्या मुलीने वा मुलाने त्यांमधून हळूहळू चालत जावे. एका रांगेने ‘दिलेला शब्द पाळ’ या बाजूची कारणे तिच्या कानावर घालायची, दुसरीने ‘पाळू नकोस’ या बाजूची. टोकाला पोहोचल्यावर तिने निर्णय आणि त्याचे कारण सांगायचे. मुलांचे सगळे उपाय आणि निर्णय करून झाले की मगच भोपळा आणावा. लोककथेचा शेवट हा अनेक उपायांपैकी एक म्हणून समोर आला पाहिजे. आधीच सांगून टाकला तर तेच बरोबर उत्तर ठरते आणि पुढची सगळी खटपट उपचारापुरती उरते.

संवाद लिहून देऊ नयेत

कोकणातल्या दशावतारात नट संवाद पाठ करून येत नाहीत. कथानक ठाऊक असते, बोलणे तिथल्या तिथे सुचते. सोळाव्या शतकापासून इटलीत रुजलेल्या कोमेदिया देल्लार्ते या नाट्यप्रकाराची रीतही अशीच होती. प्रवेशांचा आराखडा हाताशी असे आणि संवाद बव्हंशी उत्स्फूर्त असत. वर्गानेही हेच करावे. लिहिलेला संवाद मिळाला की मुलांचे लक्ष आठवण्याकडे जाते, आणि पाठांतर बरे असलेल्या चार जणांनाच मोठ्या भूमिका मिळतात. लोकनाट्यातल्या सोंगाड्याचाही इथे उत्तम उपयोग होतो. ज्याला काही कळत नाही आणि जो बिनदिक्कत विचारतो असे एक पात्र प्रत्येक गटात ठेवावे. त्याला समजावून सांगताना इतरांना आपले म्हणणे सोपे करून मांडावेच लागते.

मोठ्या मुलांसाठी: चुकलेला प्रवेश पुन्हा करणे

साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांबरोबर ब्राझीलचे रंगकर्मी आउगुस्तो बोआल यांची मंच-नाट्याची पद्धत वापरता येते. अन्याय घडतो आणि अन्याय सोसणाऱ्याचा पराभव होतो असा पाच मिनिटांचा प्रवेश गटाने आधी जसाच्या तसा करून दाखवावा. तोच प्रवेश पुन्हा सुरू झाल्यावर प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून पुढे यावे, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळे काही करून पाहावे. जागा अन्याय सोसणाऱ्याचीच घ्यायची, करणाऱ्याची नव्हे. दमदाटी करणारा सावकार एकाएकी दयाळू झाला तर कोणाला काहीच करावे लागत नाही आणि प्रवेशातून शिकण्यासारखे काही उरत नाही. सूत्रधाराने कोणत्याही उपायाला शाबासकी देऊ नये. ‘हे खरोखर घडू शकेल का?’ हा प्रश्न वर्गाकडे टाकावा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरात खरेच घडत असलेला प्रसंग मात्र इथे घेऊ नये. लोककथेतला सावकार किंवा राजा यांच्या आडून तो प्रश्न सुरक्षित अंतरावरून हाताळता येतो, आणि लोककथा वापरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

कथेतले पूर्वग्रह

लोककथा निरागस नसतात. सावत्र आई दुष्ट, काणा माणूस कपटी, अमुक धंद्याचा माणूस लोभी, असे साचे त्यांत ठासून भरलेले असतात. ज्या कथेत एखाद्या समाजाची नालस्ती हाच विनोद आहे ती वर्गात आणूच नये. बाकीच्या कथांतले साचे गुपचूप गाळण्यापेक्षा वर्गासमोर ठेवणे मला अधिक योग्य वाटते. सावत्र आईला खुर्चीत बसवून तिची बाजू ऐकावी, किंवा तीच कथा तिच्या तोंडून सांगवावी. भूमिका देताना वर्गातला लठ्ठ मुलगा राक्षस आणि गोरी मुलगी राजकन्या असे वाटप टाळावे आणि प्रत्येक थांब्याला भूमिका बदलाव्यात.

शेवटी सगळ्यांनी भूमिका उतरवणे आवश्यक आहे. ‘मी वाघ होतो, आता मी अमुक’ असे प्रत्येकाने स्वतःचे नाव घेऊन म्हणावे. ज्याने दुष्ट पात्र केले त्याला दोन दिवस त्याच नावाने चिडवले जाते, ते बऱ्याच अंशी याने थांबते.

काय साधले ते पाहणे

अभिनयाला गुण देऊ नयेत. मुलांनी दिलेली कारणे शिक्षकाने तासिका चालू असतानाच त्रोटक टिपून ठेवावीत आणि आठवड्याने एक छोटे लेखन द्यावे: वाघाने म्हातारीला लिहिलेले तक्रारीचे पत्र आणि तिचे उत्तर. भीतीपोटी दिलेल्या शब्दाबद्दल त्या उत्तरात मुलाने स्वतःचे एखादे कारण दिले असेल, तर उद्दिष्ट साधले असे समजावे. फक्त भोपळ्याची गंमत लिहिली असेल, तर तिसरा थांबा घाईत उरकला गेला असण्याची शक्यता अधिक. पुढच्या वेळी पहिल्या दोन थांब्यांतला एक कमी करून तो वेळ तिथे द्यावा.