नफा कागदावर, रोकड कुठे?

नफ्यात चाललेला धंदाही हातातली रोकड आटली की बंद पडू शकतो. कच्च्या मालाचे पैसे १५ दिवसांत द्यायचे आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी देणार, तर मधल्या ४५ दिवसांचा भार तुमच्यावर. विक्री वाढली की हा खड्डा आणखी खोल होतो. नवखे नेमके इथेच फसतात.

म्हणून पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता मांडा: सुरुवातीची शिल्लक, येणी, देणी, अखेरची शिल्लक. येणी बिलाच्या तारखेला नव्हे, तर पैसे खरोखर जमा होतील त्या आठवड्यात लिहा. दर सोमवारी तक्ता दुरुस्त करा. शिल्लक उणे दिसली, तर आधी नव्या ऑर्डरवर आगाऊ रक्कम मागा, कर्ज त्यानंतर. कराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ते तुमचे नाहीतच. आणि स्वतःचा पगारही देण्यांत धरा.