घरी बांधलेल्या गाडीला पुढची काच बसवताना

लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात मी ३१ वर्षं फिटर होतो. डब्यांच्या खिडक्यांना किती काचा बसवल्या याचा हिशेब नाही. तरी स्वतः बांधलेल्या गाडीला बसवलेली पहिली काच आठव्या दिवशी तडकली. दगड लागला नव्हता, गाडी शेडमध्येच उभी होती. रात्री साडेदहाला ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि सकाळी बघतो तर डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर केसाएवढी रेघ गेलेली. फ्रेम उतरवली तेव्हा आत वेल्डिंगचा मोहरीएवढा थेंब सापडला. काच त्याच्यावर टेकली होती. म्हणून सगळ्यात आधी सांगतो, काच कुठेही धातूला टेकता कामा नये. खाली मी जे काही करायला सांगणार आहे ते सगळं त्यासाठीच आहे.

माझी गाडी म्हणजे चौकोनी नळ्यांची चासी, मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन, दोन सीटा आणि वर छप्पर नाही. भांडुपला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली, टेम्पोत घालून कर्जतला नेली आणि मेहुण्याच्या जमिनीवर चालवतो. सार्वजनिक रस्त्यावर काढत नाही, कारण घरी बांधलेल्या गाडीला मान्यतेच्या चाचण्यांशिवाय नोंदणी मिळत नाही. तुम्हाला रस्त्यावर न्यायची असेल तर पहिली नळी कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून या.

काच लॅमिनेटेडच घ्या. दुकानदार टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच दाखवेल, ती स्वस्त असते आणि घरांच्या कामात चालते. पण टफन फुटली की एका क्षणात सगळीचे बारीक खडे होतात आणि समोरचं दिसायचं बंद होतं. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. शिवाय टफन एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. कडेने बघा, मधोमध बारीक रेघ दिसली तर लॅमिनेटेड. ॲक्रिलिक घेऊ नका, वायपर आणि धूळ मिळून दोन महिन्यांत ते धुरकट करून टाकतात. गाडीसाठीच्या काचेवर आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का असतो, तो मागा. काळी फिल्म नको. नियमानं पुढच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे.

आता उंची. इथे लोक घाई करतात, आणि इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. सीट पक्की बसवल्याशिवाय काचेचं माप घेऊच नका. मी सीटवर दहा मिनिटं नुसता बसून राहिलो, फोम दबेपर्यंत. मग भाचीनं समोर पुठ्ठा धरला, मी स्टिअरिंग धरून सरळ बघत राहिलो आणि ती पुठ्ठा बोटबोट वर-खाली करत राहिली.

“मामा, आता कड कुठे येतेय?”

“बरोबर बुबुळावर.”

“मग हे नको.”

बरोबर बोलली. काचेची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली तर प्रत्येक खड्ड्यागणिक ती नजरेपुढे नाचते आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. कड डोळ्यांच्या चांगली वर हवी, नाहीतर चांगली खाली. मी वर ठेवली, डोळ्यांपासून दोन इंच. मग दुसऱ्या माणसालाही बसवून बघितलं. माझ्या काचेचं माप आलं ४१ इंच बाय १३ इंच, आणि कल उभ्यापासून मागे २० अंश. ओळंबा आणि कोनमापक लावून कल दोन्ही बाजूंनी तपासा, नाहीतर समोरून बघताना गाडी तिरळी दिसते.

फ्रेम ॲल्युमिनियमच्या यू चॅनलची. माझी काच ६.७६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे तीन-तीनच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा थर. तिच्यावर दोन्ही बाजूंनी दीड मिलिमीटरचं यू रबर चढतं, म्हणून चॅनल आतून १० मिलिमीटरचा घेतला. रबर आणि नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळाले. रबर ईपीडीएमचंच मागा, हे कृत्रिम रबर उन्हापावसात टिकतं. पहिली फ्रेम लोखंडी पट्टीची होती आणि वेल्ड केलेली. ही दुसरी दोन भागांत केली, कोपऱ्यांना स्क्रूनं जोडलेली, म्हणजे काच काढायची वेळ आली तर काढता येते. खालच्या चॅनलला पाच मिलिमीटरची तीन भोकं पाडा. मुंबईच्या पावसात चॅनलमध्ये पाणी साठून राहिलं की काचेच्या मधला थर कडेनं पांढरा, दुधाळ पडत जातो. भोकांची धार आतून कानशीनं मारा.

फ्रेम बॉडीला पकडतात बाजूचे दोन खांब, सहा मिलिमीटर ॲल्युमिनियम प्लेटचे. प्रत्येकाला दोन एम-८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचे बोल्ट, पत्र्याच्या आतल्या बाजूला हातभर लांबीची जाड पट्टी, आणि खांबाची भोकं लांबट, म्हणजे कल थोडा हलवता येतो. खालची कड मात्र बॉडीला बोल्टनं बांधू नका. चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळवटते, काच पिळवटत नाही. खालच्या कडेखाली नुसती रबराची पट्टी ठेवा. भांडुपला खाडीचा वारा येतो, त्यात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट भिडला की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले.

काचेआधी प्लायचा फर्मा, म्हणजे काचेचा नमुना करा, चॅनलच्या आतल्या मापापेक्षा चारी बाजूंनी एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. फर्मा फ्रेममध्ये घालून खांब आवळा आणि पुढचं एक चाक जॅकनं उचला, म्हणजे चासी खड्ड्यातल्यासारखी पिळवटेल. मग फर्मा आणि चॅनलच्या मधून जुनं पोस्टकार्ड चारी बाजूंनी फिरवा. वरच्या उजव्या कोपऱ्यात माझं कार्ड अडकलं. तिथे काच असती तर पुन्हा तडकली असती. दोन दिवस फ्रेम कानशीनं मारत बसलो तेव्हा कार्ड फिरलं. वायपरच्या भोकांचं कामही याच वेळी, प्लायवरच पात्याचा फेरा आखून करून टाका.

फर्मा घेऊन कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. तिथला कारागीर लॅमिनेटेड काच कशी कापतो ते जरूर उभं राहून बघा. आधी वरच्या काचेवर कटरची एकच सरळ रेघ, मग काच उलटी करून त्याच जागी दुसरी रेघ. हलका दाब दिला की दोन्ही काचा तुटतात, पण मधलं प्लास्टिक त्यांना धरून ठेवतं. मग रेघेत स्पिरिट ओतून काडी लावतो. निळी ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, प्लास्टिक मऊ पडतं, तो काच जराशी ओढतो आणि फटीत ब्लेड फिरवतो. कडा घासून घ्यायला विसरू नका, कारण कडेवर राहिलेल्या बारीकशा खपलीतूनही पुढे तडा निघतो.

काच पाच किलोच्या आसपास. घोंगडीत गुंडाळून दुपारच्या गर्दी नसलेल्या लोकलनं मालडब्यातून भांडुपला आणली, पायाच्या पंजावर उभी ठेवून. आडवी ठेवू नका, हादऱ्यानं मधोमध वाकते.

बसवायला दोन माणसं लागतात. चॅनलमध्ये बोट फिरवून बघा, बुरा राहिलाय का. खालच्या चॅनलमध्ये रबराचे दोन ठोकळे ठेवा, दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर. काचेचं सगळं वजन या दोघांवर. काचेला यू रबर चढवा, साबणाच्या पाण्यानं चॅनल ओला करा आणि खालच्या फ्रेममध्ये उतरवा. तेल किंवा ग्रीस वापरू नका, ईपीडीएम फुगतं. रबर कुठे दुमडलं तर काच काढून पुन्हा बसवा, दाबून ढकलू नका. मग वरची फ्रेम, मग कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीनं, हातानं लागतील तेवढे, आणि वर फक्त अर्धा आटा.

फटींत सिलिकॉन भरायचं तर न्यूट्रल मागा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती परत करा, ते ॲल्युमिनियमलाही खातं आणि काचेच्या मधल्या थरालाही. ट्यूब कोरड्या दिवशीच वापरा आणि २४ तास गाडी हलवू नका.

नंतर पाइपनं पाणी मारा, आत डॅशबोर्डवर वर्तमानपत्र अंथरून. कागद कुठे भिजला ते बघून तिथेच दुरुस्त करा. आम्ही कर्जतला पहिल्या दिवशी बांधावरून तासभर फिरवली, मग भाचीनं खांबांचे बोल्ट पुन्हा तपासले. डावा मागचा पाव आटा ढिला झाला होता. तो आवळून तिनं खडूनं खूण केली. आता दर फेरीनंतर आधी ती खूण बघतो.