चढावर सायकल: बसून कधी, उभं राहून कधी

चढाचा मोठा भाग बसूनच काढायचा. उभं राहिलं की सीटवरचं वजन पाय, कंबर आणि हातांना पेलावं लागतं, त्यामुळे तोच वेग राखायला हृदयाचे ठोके वाढतात. सौम्य चढावर हा तोटा चांगलाच जाणवतो. 10 टक्क्यांच्या पुढे, म्हणजे 100 मीटरला 10 मीटर उंची वाढत असेल तिथे, तो कमी होत जातो.

बसून चढताना मिनिटाला पेडलचे 70 ते 90 फेरे पडतील असा गिअर ठेवा. फेरे 60 च्या खाली घसरले तर लगेच हलका गिअर टाका. जड गिअर रेटत राहिलात तर गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणं सुरू होतं. पुढच्या दातेरी चकतीला (चेनरिंगला) 34 दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीलाही 34 दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं. रोड सायकल तेवढ्यात साधारण 2.1 मीटर सरकते, म्हणजे 60 फेऱ्यांना ताशी साडेसात किलोमीटर. मागे 28 दातच असतील तर त्याच फेऱ्यांसाठी ताशी 9 च्या वर वेग राखावा लागतो. तो जमत नसेल तर मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवा, फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते आधी बघा. हलक्या गिअरची ही कसर तंत्राने भरून निघत नाही.

कोपर सैल, खांदे खाली. चढ फार तीव्र झाला की पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. तेव्हा सीटच्या टोकाकडे सरका आणि कोपर वाकवून छाती खाली आणा.

उभं राहायचं ते अवघड टप्प्यावर, वळणाच्या आतल्या तीव्र बाजूला, किंवा पाठ मोकळी करायला. दहा-वीस फेरे पुरतात. उभ्याने फेरे मंदावतात, म्हणून उठण्याआधी एक-दोन गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामे फिरल्यासारखे होतात. हात ब्रेक हुडवर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांवरच्या रबरी मुठींवर. एक पेडल वरून खाली जायला लागलं की त्याच्यावर जोर देतच उठा. जोर तुटला की सायकल क्षणभर मागे येते आणि मागून चिकटून येणाऱ्याचं चाक तुमच्या चाकाला लागतं. घोळक्यातली पडापडी अनेकदा अशीच होते.

उभं राहिल्यावर शरीर सरळ आणि सायकल डावी-उजवीकडे झुलती: उजवा पाय दाबताना ती किंचित डावीकडे कलते. कंबर क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्यांच्या) वर हवी, सीटचं टोक मांड्यांना मागून निसटतं लागेल इतपत. हँडलवर ओणवं झालात तर मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर ते जागीच फिरतं. अशा ठिकाणी मुळात बसूनच राहावं. पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याला) सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी स्प्रिंग, असेल तर उठण्याआधी लॉक करा; उघडं राहिलं तर प्रत्येक दाबाला फोर्क खाली जातो.

बसताना क्रम उलटा: पेडलवरचा जोर न सोडता सायकल हातांनी किंचित पुढे ढकलत सीटवर या, मग गिअर हलका करा.

गिअर बदलताना अर्धा फेरा पायाचा दाब कमी करायचा. पुढची चेनरिंग तर चढ सुरू होण्याआधीच बदललेली बरी. पूर्ण जोर असताना मोठीवरून छोटीवर टाकली की चेन आतल्या बाजूला उतरते, आणि तीव्र चढावर उतरून पुन्हा सुरुवात करणं भलतंच जड जातं.